तामू मावशीचं दार

इनेस गेल्या वर्षी आमच्या निळ्या घरांच्या गावाला, शेफशाऊनला आली, तेव्हा तिने तामू मावशीच्या दाराचे तासभर फोटो काढले होते. निळ्या रंगाचे पोपडे सुटलेलं, आतले जुने रंग दाखवणारं दार. यंदा ती स्पेनहून खास त्या दारासाठी येतेय, हे मी मावशीला सांगून बसलो. वाटाड्याची जीभ, आवरत नाही.

आम्ही पोहोचलो, तर दार खरवडून, रंगाचे दोन हात मारून चकचकीत निळं!

"मावशी, काय करून ठेवलंस हे?" मी ओरडलो. "तिला पोपडेच हवे होते!"

"गप रे मेल्या! पाहुणी येणार आणि दाराला फाटक्या कपड्यांत उभं करू? सत्तरीत स्टुलावर चढले मी!"

मी कपाळावर हात मारला आणि इनेसला सगळं सांगितलं. तिने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि उंबऱ्यावर मावशीशेजारी बसली. मावशीने पुदिन्याच्या चहाचा ग्लास पुढे केला. तिच्या बोटांच्या सुरकुत्यांत निळा रंग रुतून बसला होता. इनेसने हळूच कॅमेरा परत बाहेर काढला.

"अगं थांब!" मावशी धडपडत उठू लागली. "आधी हात तरी धुऊन येऊ दे!"

या वेळी मात्र मी तिला उठू दिलं नाही.