किल्लीवालीचा उतार

गाडी लावून झाली ना? मग बस जरा इथे. त्या कठड्याला हात लावू नकोस, रंग ओला आहे. तू वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलास, तुला या दाराची गोष्ट कोणी सांगितली नसणार. मी सांगतो. मी मिस्त्री माणूस, पाटी फुटेपर्यंत शाळेत गेलो आणि नवी पाटी कोणी आणली नाही. तेव्हा वाकडंतिकडं सांगेन, पण ऐकण्यासारखं सांगेन.

तळमजल्यावर डाव्या हाताला किल्लीवाली राहते. कोपऱ्यावरचं कुलपांचं दुकान तिचं. आधी बापाचं होतं. या गल्लीतलं एकही कुलूप तिच्यापुढे हट्ट धरत नाही. मग तिला अपघात झाला. पाय आहेत, पण तिच्याशी बोलत नाहीत, असं तीच सांगते. चाकाच्या खुर्चीतून घरी आली आणि दारातच अडकली, कारण या दाराला तेव्हा नुसत्या पायऱ्या होत्या. थोरला भाऊ कामावर जाताना तिला उचलून खाली ठेवायचा, परत आला की उचलून वर. मधे पोटात दुखलं, चष्मा विसरला, कंटाळा आला, तरी बसा दादाची वाट बघत. हळूहळू दुकान बंदच राहायला लागलं.

म्हणून दादानं मला बोलावलं. म्हणाला, "मिस्त्री, छोटासाच रॅम्प करा. दारासमोर मावेल एवढा. कोणाच्या डोळ्यात नको खुपायला. ढकलायला मी आहेच."

आता माझी एक पद्धत आहे. सिमेंट ओतायच्या आधी मी फळ्यांचा कच्चा उतार लावतो. शिंपी कसं आधी कच्चं टाचून अंगावर घालून बघायला लावतो, तसं. ज्याला वापरायचाय त्यानं वरखाली करून बघायचं, मग पक्कं काम. सिमेंट एकदा बसलं की ते कोणाचं ऐकत नाही.

तर लावल्या फळ्या. दादानं मागून ढकललं, खुर्ची सुर्रकन वर.

"झालं की," दादा म्हणाला.

किल्लीवाली म्हणाली, "आता खाली ने आणि बाजूला हो."

"कशाला?"

"हो म्हटलं ना."

एकटी चढायला लागली. अर्ध्यात दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या, खुर्ची थांबली, आणि निघाली की मागे. मी पाय आडवा घातला म्हणून निभावलं. ती माझ्याकडे वळली.

"मिस्त्री, हा उतार कोणाच्या मापाचा?"

"तुमच्याच."

"नाही. दादाच्या हातांच्या मापाचा आहे हा. माझ्या हातांचं माप घ्या."

दादाच्या जिव्हारी लागलं. "मी काय मेलोय का? मी आहे ना तुला?"

"तू आहेस रे. पण मला भांडून घराबाहेर पडायचं असलं तर? तुझ्याशीच भांडून?"

दादा फळीला नसलेली धूळ झटकत बसला.

आता तिच्या हातांना झेपेल असा उतार म्हणजे लांब हवा, सावकाश हवा. तो भिंतीलगत त्या टोकापर्यंत न्यायला लागणार. आणि भिंतीलगत होत्या कुंड्या. कोणाच्या? अध्यक्षांच्या. इमारतीचे अध्यक्ष, तुझ्या खालीच राहतात. माणूस वाईट नाही, पण खुर्ची मिळाली की काहींचा पाठीचा कणा जास्तच सरळ होतो. आले खाली.

"मागे दार आहे, तिथे पायरी नाही. तिकडून जा. पुढची शोभा कशाला घालवता?"

"काका, मागच्या दारानं काय जातं?" तिनं विचारलं.

"काय जातं म्हणजे?"

"कचरा जातो. मी अजून तेवढी जुनी झाले नाही."

अध्यक्ष माझ्यावर घसरले. "मिस्त्री, या फळ्या उचला आधी. सगळ्यांचं मत घेऊ, मग बघू." सगळ्यांचं मत म्हणजे त्यांचंच, फक्त दहा तोंडांतून. मी फळीवर मांडी घालून बसलो. म्हटलं, "उचला, पण माझ्यासकट उचलायला लागेल." माझं वजन तू बघतोयसच. गेले निघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर किल्लीवाली पायऱ्यांच्या वर, या दारात, खुर्चीत बसलेली. पुढ्यात किल्ल्या कापायचं मशीन. गल्लीभर निरोप गेलेला: दुकान उघडलंय, पत्ता बदललाय. आणि ते मशीन सुरू झालं की कसं वाजतं माहीत आहे? दातावर कोणी कानस घासतंय असं. कोणाची बॅग अडकलेली, कोणाचं कपाट, कोणाची तिजोरी. गिऱ्हाइकं पायऱ्यांवर रांगेत.

घाईतला एक शेजारी म्हणाला, "जरा बाजूला होतेस का?"

"कुठे होऊ? पुढे पायऱ्या, मागे तुम्ही."

अध्यक्षांची दुपारची झोप उडाली. खाली येऊन म्हणाले, "हे दार आहे, दुकान नाही."

"तेच तर म्हणतेय काका. दुकान कोपऱ्यावर आहे. जाऊ द्या, लगेच जाते."

असं चाललं बरेच दिवस. मशीनचा आवाज मला पाठ झाला. एकदा दादाच मऊ पडला. हळूच म्हणाला, "कशाला सगळ्यांशी वाकडं घेतेस? जा ना मागून."

"तू जाशील? रोज, आयुष्यभर?"

दादा कामाला निघून गेला. पण संध्याकाळी येताना मशीनला घालायला तेलाची बाटली घेऊन आला. मी मनात म्हटलं, आता ही जिंकली.

मग एक दिवस अध्यक्षांच्या घरातल्या काकू बाजारातून आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, दोन्ही गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. पायऱ्यांवर गिऱ्हाइकं. मग काय, भिंतीला खांदा लावून काकू आल्या माझ्या तशाच राहिलेल्या फळ्यांवरून. वर पोचल्या, थांबल्या. मागे वळून बघितलं. पिशव्या किल्लीवालीच्या मांडीवर ठेवल्या, पुन्हा खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. अध्यक्ष कुंड्यांना पाणी घालत होते.

"अहो, या कुंड्या तुम्ही हलवता की मी हलवू?"

"अगं, पण शोभा..."

"शोभा तुम्ही बघा. मला गुडघे बघायचेत."

पहिली कुंडी काकूंनी उचलली. दुसरी मी.

लांब उतारही आधी कच्चाच लावला. या खेपेला तिनं एकटीनंच चढउतार केले. "इथे दम घ्यायला सपाट जागा ठेवा," म्हणाली, ती ठेवली. सिमेंट ओतलं तेव्हा खालच्या टोकाला स्वतःच्या हातानं एक जुनी किल्ली दाबून बसवली. "हिचं कुलूप हरवलंय," म्हणाली. "इथे राहू दे. माझी वाट इथे संपते, इथे कोणी काही ठेवायचं नाही."

उतार वाळल्यावर पहिल्यांदा खाली निघाली तेव्हा दादानं मागून खुर्ची धरली.

"हात काढ."

काढले. पण कोंबडी पकडायला निघाल्यासारखा दोन्ही हात पसरून मागोमाग चालत होता. ती खाली पोचली, थांबली नाही, मागे बघितलं नाही, कोपऱ्यावरून वळली. दादा इथेच उभा. म्हणाला, "निदान येते तरी म्हणायचं." डोळे पुसत होता लेकाचा.

अध्यक्ष अजून पायऱ्यांनीच उतरतात, भिंत धरून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

ती किल्ली तुला आत्ता दिसणार नाही. तुझ्या गाडीचं पुढचं चाक नेमकं तिच्यावर आहे. आणि किल्लीवाली दुकान बंद करून निघालीच असेल. गाडी आडवी दिसली तर कोणाला हाक नाही मारणार, तिथेच थांबून हॉर्न वाजवल्यासारखी तुझ्याकडे बघत राहील. तेव्हा ऊठ बाबा, तेवढी गाडी काढ तिथून.