बाल्कनीतला चोर आणि फकिरामामांची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. तीन सेलांची, पत्र्याची, कडेला पोचा आलेली. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझं खरं आयुष्य गुलमंडीजवळच्या दिलशाद टॉकीजमध्ये गेलं, डोअरकीपर फकिरामामांच्या हातात. मामा करमाडचे. रोज जीपने शहरात यायचे आणि माझ्या उजेडात लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायचे. तेव्हा सिनेमा कुठलाही असो, पायऱ्यांवर सगळे माझ्याच मागे चालत.

मग घरोघरी फोन आले, आणि प्रत्येक फोनात दिवा. उशिरा येणारे लोक आपापली खुर्ची आपणच शोधू लागले. मामांनी मला तिकीटखिडकीच्या खणात ठेवलं. माझ्या पोटातले सेल पाझरले, स्प्रिंगला गंज चढला. त्या खणात किती वर्षं गेली, मोजली नाहीत.

एके दिवशी खिडकीवर वाचलं जाणारं पत्र मला ऐकू आलं. ते एका मोठ्या सिनेमा कंपनीचं होतं. या कंपन्या पडद्यावरच्या चित्रात एक छुपी खूण ठेवतात. आपल्याला ती दिसत नाही, पण कुणी चोरून चित्रण केलं तर ते कोणत्या टॉकीजात, कोणत्या खेळाला झालं, ते तिच्यावरून कळतं. दोन नव्या सिनेमांच्या चोरट्या प्रती दिलशादमध्ये, शुक्रवारच्या बाराच्या खेळाला तयार झाल्या होत्या. यापुढे आम्हाला कंपनीचा सिनेमा मिळणार नव्हता. दारावरचा माणूस चोराला सामील असावा, असंही पत्रात होतं.

दारावरचा माणूस म्हणजे फकिरामामा. मालक आप्पासाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हळू आवाजात विचारलं, "फकिरा, तीस वर्षं दारावर हायेस. तुला कसं दिसलं नाय?"

मामांच्या डब्यातली भाकरी त्या दिवशी तशीच परत गेली.

चार दिवसांनी मामा आले ते घाईघाईने, आणि आप्पासाहेबांना सांगू लागले. करमाडच्या जीपमध्ये शेजारचा माणूस फोनवर तोच चोरीचा सिनेमा बघत होता. मामा वाकून बघत राहिले. चित्राच्या खाली एक काळी, तिरकी रेघ होती. ती होती आमच्या बाल्कनीची दांडी, एकदा गर्दीच्या रेट्यात वाकलेली. डाव्या कडेला खांब होता. दांडी आणि खांब असे एकत्र दिसतात ते एकाच जागेवरून. शेवटची रांग, खांबालगतची खुर्ची.

त्याच सुमारास गंगापूरची दीपमाला आपला सिनेमा घेऊन आली. एका एसटी वाहक बाईची गोष्ट होती. गावातल्याच लोकांना घेऊन तिने चार वर्षं खपून तो केला होता. आप्पासाहेबांनी तिच्यापासून काही लपवलं नाही, पत्रच तिच्या हातात दिलं. ते वाचून ती म्हणाली, "मी पहिला सिनेमा इथंच बघितला. दारावर मामा हायेत ना अजून? मग लावा." हाही सिनेमा चोरीला गेला असता, तर तिची चार वर्षं मातीत गेली असती आणि टॉकीजला कुलूप लागलं असतं.

तिचा सिनेमा लागला त्या शुक्रवारी सकाळी मामांनी मला खणातून काढलं. पॉलिश पेपरने गंज घासला, नवे सेल घातले. फोनचा उजेड पसरतो, माझा सरळ रेषेत जातो, हे मामांना पक्कं माहीत होतं.

बाराच्या खेळाला त्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस येऊन बसला. मांडीवर डब्याची पिशवी. लोक हसले, तो हसला नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावला, तो जागचा हलला नाही. "सिनेमा बघणारा माणूस हलतो," मामा पुटपुटले. मागच्या बाजूने, एकेक पाऊल टाकत ते गेले आणि त्यांनी माझं बटण दाबलं. पिशवीला बारीक गोल भोक होतं, आणि त्या भोकात काच चमकली.

मामांनी पिशवीचा बंद घट्ट धरला. लोकांना कळताच पाचसहा जण मारायला धावले. मामा मध्ये उभे राहिले. "हात लावायचा नाय कुणी. पोलीस येतील, जबाब होईल. सिनेमा चालू ठिवा."

सिनेमा एक क्षणही थांबला नाही. चोरून तो कुठेही गेला नाही. पाचव्या आठवड्यात दिलशादवर हाउसफुल्लची पाटी लागली, आणि गणवेश घातलेल्या वाहक बाया रांगेत उभ्या राहिल्या.

त्या माणसाचं नाव इंद्रजीत. मोबाइलचं दुकान होतं त्याचं. दीड वर्षाने खटला उभा राहिला, तेव्हा मामांच्या पिशवीत मीही कोर्टात गेले. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, या वयात, अंधारात, तुम्हाला दिसलं कसं? मामांनी मला बाहेर काढून भिंतीवर उजेड पाडला. भर दिवसा तिथे गोल उमटला. न्यायाधीश मॅडमही हसल्या.

मग सरकारी वकील म्हणाले, शहरात अकरा सिनेमांच्या चोरट्या प्रती फिरल्या, त्या सगळ्या यानेच केल्या ना? मामांनी नुसती मान हलवली असती की झालं असतं. मामा न्यायाधीशांकडे वळले.

"एक म्या डोळ्यानं बघितला, मॅडम. आधीचे दोन त्याच खुर्चीवरनं झाले, पण तवा कोण बसलं व्हतं ते म्या बघितलं नाय. बाकीचं माहीत नाय. केलं त्याची शिक्षा पुरी द्या. न केल्याची नको. तसला डाग म्या अंगावर वागवलाय."

जेवढं सिद्ध झालं तेवढ्याचीच शिक्षा झाली, कैद आणि दंड, कायद्यात सांगितलेली. बाहेर पडताना इंद्रजीतने मामांना हात जोडले. पुढच्याच आठवड्यात कंपनीचं माफीचं पत्र आलं. आप्पासाहेबांनी ते खिडकीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, एकदा नाही, दोनदा.

मित्रांनो, कुणीतरी वर्षानुवर्षं राबून केलेली गोष्ट चोरून तुमच्या फोनवर आली, तर ती पुढे पाठवू नका. आणि चोर सापडला तर त्याला त्याच्या गुन्ह्याएवढंच मापा.

माफीचं पत्र आलं त्या आठवड्याच्या शुक्रवारी गंगापूरहून मुद्दाम आलेल्या दीपमालाने खेळाआधी मामांना पडद्यासमोर बोलावलं. सगळं टॉकीज उभं राहिलं. खाली टाळ्या, बाल्कनीत शिट्ट्या. मामांना काय करावं सुचेना. त्यांनी मला वर धरलं आणि मागे वळून बटण दाबलं. भल्यामोठ्या कोऱ्या पडद्यावर, बरोबर मधोमध, माझा उजेड पडला. इतकी वर्षं मी लोकांच्या पायांपाशी होते. त्या दिवशी सगळं दिलशाद मलाच बघत होतं.