देता

फियेल ओटीवर ओकला आणि सुगंधाच्या भावजयीने, यशोदाने, नाकाला पदर लावला. ओकारीत काल तिनेच परसात फेकलेली बांगड्यांची आतडी होती.

"ह्या आता कोणी काढूचा?" ती म्हणाली. "कुत्रो घरात घेतल्यार असाच होतला. आख्खा घर बाटला माजा."

सुगंधा उठली. चुलीतली राख आणून तिने ओकारीवर टाकली, करवंटीने सगळं खरवडून बाहेर नेलं आणि शेणाने जागा सारवली. ओटीच्या कडेला तिच्या भावाच्या, बाबलीच्या, तंबाखूच्या पिचकाऱ्यांचे थर वाळले होते. खाली परसात आठवडाभराची मासळीची घाण कुजत होती आणि तिच्यावर हिरव्या माश्या बसल्या होत्या. त्याने या घरात काही बाटत नव्हतं. बाटत होतं ते कुत्र्याने, ज्याला सुगंधा रोज सकाळी समुद्रावर नेऊन धूत होती.

सुगंधा तरुणपणीच विधवा झाली. माहेरी तोंडवलीला परत आली तेव्हा बाबलीने चार दिवस तिला बघितलं आणि पाचव्या दिवशी पेडण्याला एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला लावून दिलं. तिचं अर्धं आयुष्य त्या घराच्या चुलीपुढे गेलं. मग एकसष्टच्या डिसेंबरात गोवं मोकळं झालं. चांगलंच झालं, सुगंधाचंही तेच मत होतं. साहेबाने सामान बांधलं. चांदीच्या काट्याचमच्यांना पेटीत जागा झाली, साहेबाच्या बायकोच्या, सिन्योरेच्या, टोप्यांना झाली, कुत्र्याला झाली नाही. सिन्योरा रडली, सुगंधाच्या हातात पट्टा दिला आणि गाडीत बसल्यावर तिने एकदा मागे वळूनही बघितलं नाही. फियेल म्हणजे इमानी. नाव ठेवणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

वाडीने त्याचं 'फेल' केलं. 'सुगंधाचो फेल इलो' म्हणून लोक हसत. हसून झालं की दगड मारत.

आता बाबलीने तिच्यासाठी मुंबईला एका बंगल्यात स्वयंपाकाचं काम बघितलं होतं. तिथे जनावर चालणार नव्हतं. पावसासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत निघायचं होतं आणि त्याआधी फियेलला कुणाच्या तरी दारात ठेवायचं होतं, जिथे त्याला दोन घास मिळतील आणि मारणार नाहीत. एवढंच तिला हवं होतं. एवढं मिळायला किती दारं पुजावी लागतात ते तिला त्या उन्हाळ्यात कळलं.

पहिलं दार जामसंड्याचं. तिथल्या एका कलमांच्या बागायतदाराला विलायती कुत्रा हवा होता. बाबलीने कौलं नेणाऱ्या बैलगाडीत दोघांना बसवून दिलं. बागायतदाराने फियेलचे कान ओढले, जबडा उघडून दात बघितले आणि रंग चांगला आहे म्हणाला. मुंबईचे व्यापारी आंबा बघायला येतात, त्यांच्यावर छाप पडते, असं त्याचं म्हणणं. आधीचा कुत्रा कुठे गेला, असं सुगंधाने विचारलं.

"तो थंय मागे आसा," बागायतदार म्हणाला. "म्हातारो झालो. आता कशाक होयो?"

सुगंधा मागे गेली. कलमाच्या बुंध्याला साखळी होती आणि साखळीला जे होतं ते अजून श्वास घेत होतं. पट्टा मानेत रुतून तिथलं मांस सडलं होतं आणि त्यात किडे वळवळत होते. पाण्याची करवंटी कोरडी होती. दहा पावलांवर माणसं आंबे निवडत बसली होती आणि त्यांतला एकजण वास येतो म्हणून तोंडाला फडकं बांधून बसला होता. फडकं बांधायचं सुचलं त्याला. पाणी द्यायचं नाही सुचलं. सुगंधाने करवंटी भरून त्याच्या तोंडाशी धरली. तो प्यायला, आणि मग जागीच मान टाकली. ती फियेलला घेऊन बागायतदाराला न सांगता चालू लागली.

परत आल्यावर यशोदा म्हणाली की एवढं चांगलं श्रीमंताचं घर हिला पसंत पडलं नाही. बाबली म्हणाला, "खंयतरी सोडून ये तेका. बांद्याच्या बाजारात सोड, जगलो तर जगलो." सुगंधाने त्याच्याकडे बघितलं. हाच माणूस कधीतरी तिला पेडण्याला सोडून आला होता, तेव्हाही त्याचा आवाज असाच होता.

फियेलची आणखी एक भानगड होती. त्याला माणसांचे शब्द कळत ते फक्त साहेबाच्या भाषेतले. 'आंदका' म्हटलं की जवळ ये. 'लेवांता' म्हटलं की ऊठ. आणि साहेब 'देइता' म्हणाला की जमिनीला पोट लावून, पुढचे पाय पसरून, मान खाली घालून आडवं व्हायचं, आणि 'लेवांता' म्हणेपर्यंत हलायचं नाही. साहेबाने छडी मारून मारून ते शिकवलं होतं. आता साहेबाचं 'देइता' आणि आपलं 'देता' यात कुत्र्याने काय फरक करायचा? बाजारात कोळीण म्हणे, "एवढे स्वस्त बांगडे कोण देता?" की हा धाडकन आडवा. बाबली शेजाऱ्याला सांगे, "तो पैशे उद्या देता," की हा आडवा. कुत्र्याला फेफरं येतं, असं यशोदाने वाडीभर करून टाकलं. सुगंधा दर वेळी जाऊन हळूच 'लेवांता' म्हणायची आणि त्याला उठवायची. लोकांना काही समजावत बसायचा तिला कंटाळा होता.

चैत्रात देवळात गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं घालणारे भाई गावकर, वाडीचे मानकरी. सगळी वाडी जमली होती. सुगंधा बायकांच्या मागे उभी होती आणि फियेल तिच्या पायाशी बसला होता. यशोदाने दोनदा वळून डोळे वटारले. भाईंनी नारळ हातात घेतला आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, घेणारे आमी, देणारो तू."

"होय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"तुझो हात देता, आमचो हात घेता."

"होय म्हाराजा."

फियेल आडवा झाला. देवाकडे तोंड करून, पुढचे पाय पसरून, मान जमिनीला टेकवून. बायका बाजूला सरकल्या. कुणा म्हातारीने हात जोडले आणि म्हणाली की बघा, कुत्र्याने दंडवत घातला. मग एकेकाचे हात जोडले गेले. यशोदाचेही. सकाळी ज्याच्या पाठीत तिने लाकूड घातलं होतं, त्याच्यापुढे तिने पदर पसरला. सुगंधाने वाकून त्याच्या कानात 'लेवांता' म्हटलं तेव्हाच तो उठला.

त्या दिवसापासून फेफरं गेलं आणि भक्ती आली. फियेलच्या कपाळावर कुंकू थापलं जाऊ लागलं. ते त्याच्या डोळ्यांत उतरायचं आणि डोळे चिघळायचे. पुढ्यात नारळाच्या कातळ्या, पेढे, साखर असा ढीग पडायचा आणि त्यावर मुंग्या चढायच्या. ज्यांनी दगड मारले होते, त्यांची पोरंबाळं त्याच्या पायावर घातली जात. दूरच्या वाड्यांतून माणसं येऊ लागली. ती आली की भाई गाऱ्हाण्याची तेवढी एक ओळ म्हणत, फियेल आडवा होई, माणसं 'होय म्हाराजा' म्हणत. गर्दी हटेपर्यंत तो तसाच पडून असायचा आणि मग सुगंधा जाऊन त्याला उठवायची. त्याचे डोळे पुसताना तिला या सगळ्यांची शिसारी यायची. दगडाची शिसारी येते, पण निदान दगड खरा असतो.

एका दुपारी ती भाईंकडे गेली. ते पडवीत पान लावत बसले होते. तिने सरळ सांगितलं.

"भाईनू, तो पाया पडणा नाय. सायब तेका 'देइता' म्हणायचो. तेंच्या भाषेत तेचो अर्थ निज. दुसरा काय नाय."

भाईंनी पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, पान तोंडात घातलं. मग म्हणाले, "माका ता पयल्याच दिवशी कळला. तू तेच्या कानात बोललंस, तेवाच."

सुगंधा पडवीच्या पायरीवर टेकली.

"लोकांका कशाक सांगूचा?" भाई म्हणाले. "देवळात माणसा येतत. कुत्र्याक खाऊक गावता. तू मुंबैक चललंस. तुका आणखी काय होया?"

तिला उठून जावंसं वाटलं. पण त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिला आणखी काय हवं होतं? तिला जामसंड्याचा तो बुंधा आठवला आणि ती बसून राहिली. मग म्हणाली की ठीक आहे, पण देवळात चला आणि देवासमोर नारळावर हात ठेवून सांगा.

भाईंचा पान चघळणारा जबडा थांबला. कुत्र्याच्या नावाने अख्ख्या पंचक्रोशीला फसवणारा हा माणूस नारळाला मात्र भीत होता. ते टाळाटाळ करू लागले. सुगंधा जागची हलली नाही. शेवटी ते उठले, चूळ भरली, देवळात आले आणि नारळावर हात ठेवून ती सांगेल ते म्हणाले. साखळी घालणार नाही. रोज शिजवलेला भात देईन. थकला म्हणून टाकणार नाही. डोळ्यांत कुंकू जाऊ देणार नाही. हात ठेवताना त्यांनी देवाकडे बघायचं टाळलं. सुगंधाला तेवढं पुरेसं वाटलं. त्यांच्या चांगुलपणावर तिने भरवसा ठेवला नसता, भीतीवर ठेवायला हरकत नव्हती.

भाईंनी तिला काहीच विचारलं नाही. कुत्र्याला आडवं कसं करायचं ते त्यांना येत होतं. उठवायचं कसं, हे जाणून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. सुगंधाही तिरमिरीत सांगायची राहिली.

निघायच्या दिवशी खाडीवर वाडी जमली. सुगंधासाठी नव्हे, कुत्रा तिच्या मागे जाऊ नये म्हणून. होडीने खाडी ओलांडून पलीकडे जायचं, तिथून मालवण आणि मग आगबोट. बाबलीने तिची ट्रंक होडीत ठेवली. सुगंधाने फियेलच्या डोक्यावर हात ठेवला आणि होडीत चढली. तो लगेच पाण्यात उतरला, छातीपर्यंत आला आणि पोहू लागणार एवढ्यात भाई काठावरून मोठ्याने म्हणाले, "देता!"

फियेल थबकला. मागे फिरला, ओल्या वाळूवर आला आणि आडवा झाला. पाय पसरले, मान खाली घातली. लोकांनी हात जोडले. यशोदा डोळे टिपत बाजूच्या बाईला म्हणाली की बघ, नणंद जाता तर तो तिच्यापण पाया पडता.

तारीने वल्हं मारलं. होडी सरकली. ऊन मरणाचं होतं आणि भरती वर चढत होती. थोडी माणसं परत फिरली. भाई 'ऊठ रे' म्हणाले, मग 'उठ उठ' म्हणाले, मग पायाने त्याला ढोसलं. फियेल हलला नाही. पाणी त्याच्या पंजांना लागलं, मग हनुवटीला. भाई वर बघू लागले, जणू कुत्रा त्यांचा नव्हताच.

सुगंधा होडीत उभी राहिली. होडी डुगडुगली.

"लेवांता!" ती ओरडली. आयुष्यात ती एवढ्या मोठ्याने कधी ओरडली नव्हती.

फियेल उठला. अंग झाडलं. काठावर येऊन तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, कान ताठ करून.

"काय म्हटलंस गो?" तारीने विचारलं.

"ऊठ म्हटलंय."

"मग आता कशाक थांबलो तो?"

उठल्यावर पुढचा शब्द यायचा असतो, तो त्याची वाट बघत होता. तो शब्द, 'आंदका', तिच्या तोंडात होता. तिने पदराचा बोळा करून दातांत धरला आणि ती ट्रंकेवर बसली. तारीने वल्हं मारलं. होडी पलीकडे लागेपर्यंत तिने तोंडातला पदर काढला नाही.