झाकणबाई

औषधनिर्माणशास्त्र विभागात बाईंना सगळे झाकणबाई म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाव त्यांनीच ओढवून घेतलेलं. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्या टेबलावर हात आपटून सांगत, "खूण बाटलीच्या अंगावर करायची, झाकणावर नाही. झाकणं फिरतात, बाटल्या फिरत नाहीत." झाकणावर नाव लिहिलेलं कुणाचं सापडलं, की त्याची भर वर्गात बिनपाण्यानं व्हायची. घरीही तोच कायदा. डाळी, मसाले, साखर, सगळे डबे पोटावर चिठ्ठ्या मिरवत उभे. त्यांची पंधरा वर्षांची लेक ठमी म्हणायची, "एक दिवस आई आपल्यालाही चिठ्ठी लावणार. टोपीवर नाही, पोटावर."

ठमीला लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिनवाचून तिचा एक दिवस निघत नसे. इन्सुलिन म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनांपासून बनणारी औषधं हाच बाईंचा विषय. त्यामुळे ठमीच्या औषधाच्या बाबतीत घरात बाईंचा शब्द शेवटचा, ठमीच्या बाबांनी त्यात कधी नाक खुपसलं नाही.

त्या सोमवारी वर्गात बाईंचा आवडता खेळ होता. इन्सुलिन टोचायची दोन पेनं. एक थेट फ्रिजमधून आणलेलं आणि दुसरं प्रयोगशाळेत गरम पाण्यात तीन आठवडे उभं करून पार निकामी केलेलं. विभागानं मागवलेली पेनं आलीच नव्हती, म्हणून दोन्ही ठमीच्या खोक्यातली. कोणतं कोणतं हे पोरांना दिसता कामा नये, तेव्हा निकामी पेनाच्या टोपणात आतल्या बाजूला बाईंनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

"ओळखा, खराब कोणतं?"

पेनं हातोहात फिरली. पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीनं दोन्हींची टोपणं काढून पेनं खिडकीच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले, शेजारणीला दाखवली. कुणालाच सांगता येईना.

"दिसायला दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ," बाई म्हणाल्या. "पण त्यातल्या एकात आता राम राहिलेला नाही. प्रथिनाची घडी एकदा मोडली की औषध गेलं, मग ते कितीही नितळ दिसो. स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं, असं समजणारा माणूस मला रुग्णाच्या आसपास नको."

पोरांनी ते वह्यांत उतरवून घेतलं. बाई मनातून खूश. "टोपणं नीट लावा गं," म्हणत त्यांनी दोन्ही पेनं थंड पिशवीत टाकली. चांगलं औषध वाया घालवणं त्यांच्या जिवावर येई. घरी आल्यावर त्यांनी टोपणं उघडून पाहिली. ठिपका नसलेलं पेन फ्रिजच्या दारात ठेवलं, ठिपक्याचं पर्समध्ये राहू दिलं. उद्या दुसऱ्या तुकडीला दाखवायचं होतं.

संध्याकाळी ठमीचं जुनं पेन संपलं. तिनं फ्रिजमधलं घेतलं.

"आई, याचं लेबल कडेनं सुटलंय बघ."

बाई पेपर तपासत होत्या. "औषध कसं दिसतंय?"

"स्वच्छ आहे."

"मग घे टोचून. लेबल काय टोचायचंय?"

दुसऱ्या दिवशी ठमीची साखर चढली. बाईंनी डोस वाढवला. साखर आणखी चढली. ठमी तांब्याच्या तांब्या पाणी पीत होती आणि चिडचिड करत होती. बाईंनी तिचं दप्तर उपसलं. तळाशी चॉकलेटचा कागद निघाला.

"हे काय?"

"माझं नाहीये. मैत्रिणीनं खाल्लं, कागद माझ्याकडे दिला."

"मी काय दुधखुळी आहे?"

"आई, शप्पथ, मी काही खाल्लं नाही. ते औषधच नीट नसेल."

"म्हणजे स्वतः खायचं आणि खापर औषधावर फोडायचं," बाई म्हणाल्या. "चोराच्या उलट्या बोंबा. औषधाचं मला शिकवू नकोस."

ठमी उठली. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला, आणि हाक मारली तर नीट ओ देईना. डॉक्टरांना दाखवायला बाईंनी घाईघाईनं तिचं पेन पर्समध्ये टाकलं. नवऱ्यानं लेकीला उचलून गाडीत घातलं.

रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी शिरेतून इन्सुलिन सुरू केलं. तासाभरानं साखर उतरू लागली, पुढच्या तासाला आणखी उतरली.

"आमचं इन्सुलिन लगेच लागू पडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरचं गरमीत राहिलं होतं का?"

बाईंना राग आला. "मी हाच विषय शिकवते. ते पेन मी स्वतः ठेवलंय फ्रिजमध्ये. पाण्यासारखं स्वच्छ आहे..."

वाक्य तोंडातच राहिलं. आपलाच वर्गातला आवाज त्यांच्या कानात वाजला, आणि पाठोपाठ ती चष्मेवाली दिसली. खिडकीपाशी उभी, दोन्ही पेनं एका हातात, दोन्ही टोपणं दुसऱ्या.

बाईंनी पर्स उघडली. ठमीचं पेन आणि ठिपक्याचं पेन शेजारी शेजारी धरलं. ठमीच्या पेनाचं लेबल गरम पाण्यानं फुगून कडेनं सुटलं होतं. लाल ठिपक्याच्या पेनाचं मात्र गुळगुळीत, जसंच्या तसं, जणू आत्ता खोक्यातून काढलेलं. त्या खुर्चीचा हात धरून खाली बसल्या, आणि डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

दुपारी ठमीनं डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे झाले होते.

"आई, मी खरंच काही खाल्लं नव्हतं."

"माहितेय, बाळा. माती मी खाल्ली." बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. चष्मेवालीवर ढकलणं सोपं होतं, पण ते त्यांना जमलं नाही. तिनं काय केलं होतं? टोपणं काढली आणि लावली.

ठमी छताकडे बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "खूण कुठे केली होतीस?"

"टोपणात."

एरवी ठमी पोट धरून हसली असती, आठवडाभर चिडवत राहिली असती. आत्ता तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सलाईन निघालं. जेवणाआधी नर्स नवं पेन घेऊन आली. इतक्या वर्षांच्या सवयीनं बाईंनी हात पुढे केला.

"आईकडे नको, सिस्टर," ठमी म्हणाली. "माझ्याकडे द्या."

तिनं पेन हातात फिरवून लेबल चारी बाजूंनी पाहिलं, कडेवरून नख ओढलं, आणि मग सुई लावली. बाईंचा हात अजून तसाच पुढे होता.