जड उचलायचं नाही

धोबीणकाकूंनी उभ्या जन्मात इतक्या बादल्या उचलल्या, की नदी असती तर दमून बसली असती. शेवटी काकूंचं अंगच बाहेर आलं. साधं खोकलं तरी साडी ओली व्हायची.

ऑपरेशन करून डॉक्टरीणबाईंनी अंग जागेवर बसवलं आणि बजावलं, "सहा आठवडे जड उचलायचं नाही."

"बाई, आमच्या ह्यांना सहा महिने सांगा. तेवढंच तुम्हाला पुण्य," काकू गुंगीतच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटले.

बाईंनी धोबीकाकांना आत बोलावलं. "ह्यांनी बादली उचलायची नाही. यापुढे कधीच."

"मग कोण उचलणार?"

काका आपल्या धडधाकट हातांकडे बघत राहिले, जणू ते आत्ताच कोणी चिकटवले होते. काकूंची ती गंमत हुकली. त्या घोरत होत्या.