आजोबांचं ओझं

त्या कचेरीत जे जे आपोआप व्हायचं, त्याला माणसं लागायची. सगळ्यांनी लिहिलेले इस्पितळांसाठीच्या प्रोग्रामचे तुकडे जोडायचे, तपासायचे आणि जमलं तर पडद्यावर हिरवा दिवा दाखवायचा, हे बिल्डचं काम कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे. त्याला सगळे आजोबा म्हणत. आजोबा अर्ध्या वाटेत तापत, धापा टाकत आणि डोळे मिटत. मग धाकटी पुठ्ठा घेऊन वारा घालायला उठे. धाकटी म्हणजे सगळ्यात नवी प्रोग्रामर. नवी होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणाला घेतलंच नव्हतं.

गावी ताईचे दिवस भरले होते. धाकटीनं रजा मागितली.

"हिरवा दिवा लागला की लगेच जा," साहेब म्हणाले. "मी काय राक्षस आहे?"

"पण साहेब, नवं मशीन घेतलं तर..."

"अगं, झेपत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला कुणी घराबाहेर काढतं का? ओझं कमी करावं!"

साहेब बोलून गेले, धाकटीनं मनावर घेतलं. आधी प्रोग्राममधली भेटीला येणाऱ्यांचे पास काढायची सोय उडवली, कुणाचं अडतंय! दिवा लालच. मग औषधांची यादी उडवली. आजोबा थोडे पुढे सरकून झोपले.

"अगं, ती यादी माझी होती!" शेजारचा कळवळला.

"ताईचं बाळ तुमच्या यादीसाठी थांबणारे का?"

तेवढ्यात ताईचाच फोन. "येतेस, की बाळालाच पाठवू तुला आणायला स्टेशनवर?"

धाकटीनं मग हात आखडला नाही. शेवटी प्रोग्रामात उरलं एवढंच: 'कृपया थांबा'. आजोबांनी चुटकीसरशी हिरवा दिवा लावला. पंखासुद्धा फिरला नाही.

प्रोग्राम इस्पितळांत पोचला आणि साहेबांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला, मग फुलला. "गिऱ्हाईक खूश! म्हणतात, पूर्वीही थांबावंच लागायचं, पण आता तो नम्रपणे सांगतो तरी. आणि अडकत नाही! जा पोरी, रजा दिली."

धाकटी स्टेशनवरून धावतच इस्पितळात पोचली.

"ताईला भेटायचंय!"

खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "पास निघाल्याशिवाय आत नाही सोडत. बसा."

"कधी निघेल?"

"ते तो सांगत नाही. पण नवा प्रोग्राम आहे हं, मुळीच अडकत नाही!"

आतून बाळाचा ट्यँहा ऐकू आला. धाकटीनं नकळत पुठ्ठा शोधला आणि त्या कॉम्प्युटरला वारा घालू लागली.