‘ओहोटीचा जावई’ आणि सोनूबाई

तात्या अकरा वर्षं शब्दकोश करत होते. आम्ही गिरगावातले मासे खाणारे सारस्वत. त्यामुळे कोशाला संस्कृत शास्त्रीबुवांकडून मिळे आणि शिव्या कोळणीकडून. स्वच्छ नक्कल करण्याचं काम माझं, म्हणजे पुतण्याचं.

नारळी पुनव होऊन आठ दिवस झाले असतील. आमची कोळीण पुतळाबाई, तिचे बांगडे कापून, धुऊन झाल्यावर मी भांडं घेऊन पायरीवर गेलो.

"आला ओहोटीचा जावई," ती म्हणाली.

आतून दौत पडल्याचा आवाज आला. तात्यांनी लगेच टिपून घेतलं: काम आटोपल्यावर उगवणारा मनुष्य. तात्यांना कुठलाही शब्द राजवाड्यातून निघालेला आवडे. म्हणून पुढे लिहिलं की, प्राचीन राजे जावयांना समुद्रकिनारी उभे करीत असावेत. आणि हे त्यांनी पुतळाबाईला मोठ्याने वाचून दाखवलं.

तिने कोयता खाली ठेवला. "राजा कोन? माज्या सासूचा बोल हाय तो. सोनूबाईचा. शिमग्याला गेली ती. नथ नाय, घर नाय, येवढंच मागं राहिलंय. ते राजाला देऊ?"

"पुरावा लागतो, पुतळाबाई."

"मग मासळी पन नाय."

तात्या तत्त्वाचे पक्के. चार दिवस डाळ खाल्ली. पाचव्या दिवशी राजांपुढे ‘हे मत चिंत्य’, म्हणजे शंकास्पद, असं लिहिलं. सहाव्या दिवशी ती नणंदेच्या नवऱ्याला, हरेश्वरला, घेऊन आली. साठीचा माणूस, कोर्टात आल्यासारखी टोपी घालून.

"भरतीला होडी वर ओढायची होती," तो म्हणाला. "सगळा कोळीवाडा दोराला. मी पान लावत बसलो. पोचलो तवा ओहोटी लागलेली, होडी वर. सासूनं सगळ्यांदेखत नाव ठेवलं."

"राग नाही आला?" तात्यांनी विचारलं.

"आला ना. मग गावभर लोक एकमेकांना म्हनाया लागले. तवा बरं वाटलं."

तात्यांनी राजे खोडले. लिहिलं: ‘सोनूबाई, कोळीवाडा, हिच्यापासून.’ पुतळाबाईने मला बोट ठेवून नाव दाखवायला लावलं.

"बारकं हाय."

"सगळे शब्द एवढेच असतात," तात्या म्हणाले.

"सगळ्या बाया तिच्यायेवढ्या नसत्यात."

तात्यांनी थोडा विचार केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते नाव दोन ओळींची जागा घेऊन पुन्हा लिहिलं.

छापखान्याने चिठ्ठी पाठवून विचारलं, इथे नवं प्रकरण सुरू होतं काय?

तात्यांनी उलट कळवलं: नाही, सासू आहे.